स्मारक झालं, आता सरांचं कामही चालू ठेवा!

स्पष्टच लिहितो. राग येईल त्यांनी यावा.

२ जानेवारी २०१९ ला रमाकांत आचरेकर सर गेले. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. खांदा द्यायला सचिन होता, पण शासकीय इतमाम नव्हता. द्रोणाचार्य आणि पद्मश्री मिळालेला माणूस! मंत्रालयापासून दादर असं किती लांब आहे हो? नंतर सरकारकडून दिलगिरी आली. म्हणे निरोपानिरोपीत गडबड झाली.

मग ३ डिसेंबर २०२४ ला पार्काच्या पाच नंबर गेटपाशी सरांचं स्मारक झालं. चांगलं झालं, माझा त्याला विरोध नाही. पण त्या दिवशी आम्ही पत्रकारांनी काय दाखवलं? सचिन-विनोदच्या भेटीची क्लिप, तीही दिवसभर. सर राहिले बाजूला. ही चूक आमची, मी स्वतःला वगळत नाही.

सर मूळचे आमच्या मालवणकडचे. स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, तो स्टेट बँकेकडून. पण तेंडुलकर, कांबळी, आमरे, चंदू पंडित, बलविंदर संधू, आगरकर ही रांग त्यांनी उभी केली. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला आउट करेल त्याचं नाणं, कोणीच नाही केलं तर सचिनचं. स्कूटरवर बसवून त्याला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या दोन पोरांनी नाबाद ६६४ ची भागी केली, तेव्हा पॅड बांधून बसून राहिलेला अमोल मुझुमदार. तोच २०२५ मध्ये विश्वविजेत्या भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक होता. सरांचा वारसा म्हणतात तो हा.

आता आजचं बघा.

मी परळच्या चाळीत वाढलेला गिरणी कामगाराचा मुलगा. संपानंतर आम्ही गावी आलो, पुढे डिप्लोमा करून इथेच पत्रकारिता करतोय. माझा भाचा लालबागला राहतो, बरा बॉलिंग टाकतो. गेल्या वर्षी त्याला घेऊन एका अकादमीत गेलो. महिन्याची फी ऐकली आणि बहीण गप्प झाली, कारण तेवढ्यात तिच्या घरचा किराणा येतो. किट वेगळं, मॅचचे पैसे वेगळे. पोरगा येताना ट्रेनमध्ये एक शब्द बोलला नाही.

त्या कोचला मी शिव्या देत नाही. त्यालाही पोट आहे. सरांच्या पिढीला बँकेची नोकरी होती. बँका, गिरण्या, कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या, टाइम्स शील्डला आपापली टीम उतरवायच्या. पगार तिकडून यायचा, म्हणून संध्याकाळ मैदानाला देता यायची. त्या नोकऱ्या आटल्या आणि कोचचा पगार आला पालकांच्या खिशावर. ज्याचा खिसा रिकामा, त्याचं पोरगं कुंपणाबाहेर. याचा जाब त्या एकट्या कोचला नाही, राज्य चालवणाऱ्यांना विचारायचा.

कोणी म्हणेल, गुणी पोरगं वर येतंच. येतं ना, पण कोणीतरी बघितलं तर! सचिनला बांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रममध्ये घाला, हे सांगणारा माणूस रोज मैदानात उभा होता म्हणून ते झालं.

शिवाजी पार्क महापालिकेचं आहे, म्हणजे तुमचं-आमचं. म्हणून मागण्या तीनच:

१. पालिकेने मैदानांवर पगारी कोच नेमावेत.
२. सार्वजनिक मैदानावर नेट लावणाऱ्या प्रत्येकाने ठरावीक जागा पालिका शाळांतल्या मुलांना फुकट द्याव्यात.
३. प्रत्येक पालिका शाळेत खेळाचा शिक्षक हवा, आणि त्याच्यावर दुसरी सरकारी कामं लादू नयेत.

पुढच्या वेळी मत मागायला दारात येईल त्याला हे तीन प्रश्न विचारा. पार्कात हार घालून फोटो काढणाऱ्यालाही विचारा.

सचिनने २०१३ च्या निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं की २९ वर्षांत सर त्याला एकदाही 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत. पोराने हुरळून जाऊ नये म्हणून. आणि आपण एक स्मारक बांधून स्वतःची पाठ थोपटतोय!

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली येऊन भांडा, मी आहेच.