घराणं, काळा टी-शर्ट आणि स्नेहसंमेलन

स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की एक वाद दरवर्षी निघतो, तसा यंदाही निघाला. नववी-दहावीच्या काही मुलांनी स्वतः लिहिलेलं रॅप बसवायचं ठरवलं आणि 'हे आपल्या संस्कृतीत बसत नाही' अशी नाराजी काही पालकांनी कळवली. त्याच वर्गात गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलीला 'काकूबाई' म्हणतात, त्याची तक्रार मात्र कोणी केली नाही.

मुलं स्वतःलाही नावं लावून घेतात. कोणी मेटलवाला, कोणी रॅपर, कोणी के-पॉपची 'आर्मी'. या वयात 'मी कोण?' हा प्रश्न छळतो आणि काळा टी-शर्ट हे त्याचं तयार उत्तर असतं. आपल्या इंदूरच्या मुलांना तर हा प्रश्न दुप्पट. घरी मराठी, गल्लीत हिंदी, वह्यांत इंग्रजी. पुण्याला मामाकडे गेलं की 'तुमचं मराठी हिंदीच आहे' म्हणून हसतात, आणि इथे आपण 'मराठी लोग'. अशा मुलाला एखादा गट मनापासून आपला वाटला, तर त्यात बिघडलं काय?

पण मुलांनाही विचारावंसं वाटतं : ज्या नावाने मिरवता, ते आलं कुठून? हिपहॉपची सुरुवात 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीतल्या घरगुती पार्ट्यांतून झाली, असं मानतात. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम 1970 चा. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, पुढे तारा सैल लावल्या आणि वाजवत राहिला. मेटलच्या त्या जड आवाजामागे हेही एक कारण आहे. टी-शर्ट घालणाऱ्याला एवढं तरी ठाऊक असावं.

आणि मोठ्यांनो, लेबलं काय फक्त पोरांचीच? आपल्याकडे घराणी होतीच की! उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गायकीला आपण अभिमानाने 'इंदूर घराणं' म्हणतो. पण तिच्यात किराण्याच्या वहीद खाँसाहेबांची बढत आहे, देवासच्या रजब अली खाँसाहेबांची तान आहे आणि भेंडीबाजारच्या अमान अली खाँसाहेबांची सरगमही आहे. तीन ठिकाणचं ऐकून झालेली गोष्ट आज आपली ओळख आहे.

देवास तर इथून तासाभरावर. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली बेळगावजवळ सुळेभावीला, कानडी घरात झाला. शिक्षण मुंबईला देवधर मास्तरांकडे. क्षयाने आजारी होऊन 1948 मध्ये ते देवासला आले. गाणं बंद असलेल्या त्या वर्षांत माळव्याची लोकगीतं कानांवर पडत राहिली, आणि बरे झाल्यावर ती त्यांच्या गाण्यात आली. घराण्याची चौकट त्यांनी मानली नाही म्हणून जाणकारांनी नाकं मुरडली होती. (नाकं मुरडणारे बहुधा प्रत्येक पिढीत तेच असतात.) आज ते कोणाचे, कानड्यांचे, मराठी माणसांचे की माळव्याचे? तिघेही हक्क सांगतात आणि तिघांचाही खरा आहे.

म्हणून कार्यकारिणीला विनंती आहे. रॅपला कार्यक्रमात दहा मिनिटं द्यावीत. शिव्या नकोत, हे मुलांना सांगावंच. शब्द मराठीत असावेत, अगदी आपल्या इंदुरी मराठीत असले तरी चालतील. आणि सादरीकरणापूर्वी हे संगीत कुठून आलं, ते त्यांनी दोन मिनिटांत प्रेक्षकांना सांगावं. लगेच त्यानंतर ख्याल ठेवावा, मध्यंतर करू नये. म्हणजे काळे टी-शर्टवाले ख्याल ऐकतील आणि आजी-आजोबा रॅप. तालमीला हॉल शनिवारी दुपारी मोकळा असतो, असं कळलं आहे.