पाहुणा म्हणजे पोटभाडेकरू नव्हे

कामाच्या शोधात आलेला भाऊ किंवा उपचारासाठी आलेली आई काही महिने राहिली, की ‘पोटभाडेकरू ठेवला’ असा कांगावा करून घरमालक हकालपट्टीची नोटीस बजावतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बेकायदा पोटभाडे हे जागा खाली करून घेण्याचे कारण मानले आहे; पाहुणचार नव्हे. भाडेकरूखेरीज अन्य व्यक्ती जागेत दिसली, एवढ्यावरून पोटभाडे सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये एका दुकानाच्या खटल्यात स्पष्ट केले. जागेचा ताबा दुसऱ्याच्या हाती गेला काय, हाच खरा प्रश्न होय.

परंतु अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणारा कष्टकरी कायद्याने भाडेकरूच ठरत नाही. पाहुण्यांना बंदी घालणाऱ्या अटीवर तो निमूटपणे सही करतो. कारण मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट शुल्काचा बडगा त्याच्या डोक्यावर असतो.

गिरणगावातील चाळींच्या एकेका खोलीने कोकणातून, घाटावरून आलेल्या गाववाल्यांना आसरा दिला, म्हणूनच मुंबईचा कामगारवर्ग उभा राहिला. आप्तांना आसरा देण्याचा हक्क करारावर राहणाऱ्यांनाही कायद्याने निःसंदिग्धपणे मिळाला पाहिजे. भाडेकरूंच्या संघटित लढ्याने ही मागणी अग्रभागी ठेवावी.