लाडबोरीच्या अलीकडे यवतमाळ आहे

२ एप्रिल २०२२ची, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास पेटत्या तुकड्यांची एक लांबलचक रांग विदर्भाच्या आकाशातून आग्नेयेकडे सरकत गेली. माणसे अंगणात, गच्चीवर धावली. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान कोसळले म्हणाले, कोणाला क्षेपणास्त्राची शंका आली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, घरांजवळच्या मोकळ्या जागेवर सुमारे दहा फूट व्यासाचे धातूचे कडे येऊन आदळले. आसपासच्या शिवारात धातूचे गोळेही सापडले. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. लाडबोरी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत आहे. कक्षेतून उतरणारी वस्तू एवढे अंतर दहा-पंधरा सेकंदांत कापते. तेवढी सेकंदे आधी ते कडे सुटले असते, तर ते यवतमाळ जिल्ह्यात किंवा त्याच्या आसपास पडू शकले असते.

ती वस्तू म्हणजे चीनच्या ‘लाँग मार्च ३-बी’ अग्निबाणाचा तिसरा टप्पा होता, असे हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी त्याच दिवशी सांगितले. हा टप्पा तासाभरात वातावरणात शिरणार असा अंदाज आधीच होता आणि त्याचा मार्ग विदर्भात दिसलेल्या दृश्याशी जुळत होता. या अग्निबाणाने ४ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘टीजेएस-६’ हा उपग्रह सोडला होता. चीन त्याला दळणवळण तंत्रज्ञानाच्या चाचणीचा उपग्रह म्हणतो. बाहेरचे बहुतेक अभ्यासक ही मालिका लष्करी मानतात. उपग्रह आपल्या जागी गेला आणि रिकामा टप्पा अतिलंबवर्तुळाकार कक्षेत चौदा महिने फिरत राहिला.

अशा कक्षेचे एक टोक पृथ्वीपासून दोन-तीनशे किलोमीटरवर, तर दुसरे सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असते. दूरच्या टोकाला वस्तू रेंगाळते, जवळ येताना वेग सेकंदाला दहा किलोमीटरपर्यंत जातो. दर फेरीत विरळ हवा तिला थोडी ओढते आणि दूरचे टोक जवळ येत जाते. त्यात चंद्र-सूर्याच्या ओढीने जवळच्या टोकाची उंची कमीजास्त होते. सूर्यावरच्या घडामोडींनी वरची हवा फुगते ती वेगळीच. म्हणून अशा वस्तूचा दिवस सांगता येतो, पण गाव शेवटपर्यंत सांगता येत नाही.

अशा वस्तूंचा माग फक्त रडारवालेच काढतात असे नाही. अमेरिका आपल्या गुप्त लष्करी उपग्रहांच्या कक्षा जाहीर करत नाही. तरीही युरोप-अमेरिकेतले हौशी निरीक्षक दुर्बीण, साधा कॅमेरा आणि अचूक घड्याळ घेऊन त्या शोधून काढतात. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उमटलेल्या रेघेची दोन टोके मोजायची आणि त्यांची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत टिपायची, एवढीच त्यांची रीत. पण यातले बहुतेक निरीक्षक उत्तरेकडच्या देशांत राहतात. भूस्थिर कक्षेकडे निघालेल्या अग्निबाणांच्या टप्प्यांचे पृथ्वीजवळचे टोक मात्र सहसा विषुववृत्ताच्या आसपास असते आणि ते हॉलंडमधून दिसत नाही. आपण यवतमाळकर वीस अंश अक्षांशावर आहोत. टिपेश्वरच्या बाजूला किंवा उमरखेड-पुसदच्या डोंगरांत आजही बऱ्यापैकी काळोखी रात्र मिळते. ज्या जागेवरून पाहायला माणसे कमी आहेत, नेमकी ती जागा आपल्याला आयती मिळालेली आहे आणि आपण ती वाया घालवतो आहोत.

पाडव्याच्या त्या रात्री मोबाइलवर चित्रफिती कितीतरी निघाल्या आणि घराघरांत फिरल्या. त्यातल्या फार थोड्यांत नेमकी जागा, दिशा आणि वेळ होती. दारव्हा, घाटंजी आणि वणीहून घेतलेल्या तीन चित्रफितींत एवढे तीन तपशील असते, तर वस्तूची उंची आणि मार्ग अकरावीच्या त्रिकोणमितीने काढता आला असता.

हे केवळ कुतूहलाचे काम नाही. १९७८च्या जानेवारीत अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह ‘कॉसमॉस ९५४’ कॅनडाच्या उत्तरेला कोसळला. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कॅनडाने भरपाई मागितली आणि १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने ३० लाख कॅनडियन डॉलर मान्य केले. भरपाई मागायची तर पडलेली वस्तू कोणाची, हे आधी सिद्ध व्हावे लागते. ते मार्गाच्या नोंदींवरून होते. आपलेही हात यात स्वच्छ नाहीत. २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलेला धातूचा घुमट आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणाचा निघाला.

सिंदेवाहीतले तुकडे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन तपासले. बंगळूरुत इस्रोचे अवकाश-सुरक्षेचे केंद्र जुलै २०२२ पासून आहे, श्रीहरिकोट्याला माग काढणारे रडार आहे. आता तिथली सूचना जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रण कक्षातून तहसीलदार आणि पोलीस पाटलापर्यंत पोचली पाहिजे. गावाचे नाव सांगता येणार नाही, पण ‘आज आकाशात जळते तुकडे दिसू शकतात; काही पडले तर लांब राहा, हात लावू नका’ एवढे नक्कीच सांगता येईल. अशा तुकड्यांतल्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश किंवा दाबाखालचा वायू राहिलेला असू शकतो. लाडबोरीचे कडे मात्र उचलून पोलीस ठाण्यात नेण्यात आले.

यवतमाळचे अमोलकचंद, पुसदचे फुलसिंग नाईक, वणीचे लोकमान्य टिळक या महाविद्यालयांच्या पदार्थविज्ञान विभागांनी आकाश-निरीक्षणाची एक एक तुकडी उभी करावी. तिवई, कॅमेरा आणि बरोबर लावलेले घड्याळ यापलीकडे फारसा खर्च नाही. आणि वाचकांनो, पुन्हा असे काही दिसले तर मोबाइल भिंतीला टेकवून स्थिर धरा, चौकटीत एखादा खांब किंवा घराचा कोपरा येऊ द्या, उभे होतात ती जागा लक्षात ठेवा, वेळ सेकंदासह लिहून ठेवा आणि ती चित्रफीत जवळच्या महाविद्यालयाला द्या.