कधी, कुठे, कसे आणि कशानंतर?



गाडीच्या बिघाडावर मी लिहावे हे जरा अतिच झाले. मला सायकलपलीकडे कोणतेही वाहन चालवता येत नाही. आयुष्यभर मुलांना मराठी शिकवले, शाफ्ट आणि बेअरिंगशी कधी संबंध आला नाही. पण घरच्या जुन्या पिकअपने असा काही धडा दिला की लिहिल्याशिवाय राहवेना. पुण्या-मुंबईच्या भाचरांनो, तुम्हीही वाचा. तुमची गाडी आज नवी असली तरी कधीतरी जुनी होणारच आहे.

पिकअप माझ्या पुतण्याची. वय बारा-तेरा वर्षे. बोरी बुद्रुकहून टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात, कांद्याच्या गोण्या आळेफाट्याला, कधी माळशेज उतरून वाशीला, असा तिचा संसार. उन्हाळ्यात ती थरथरायला लागली. साठच्या आसपास वेग गेला की अंगात कापरे भरल्यासारखी. गॅरेजमध्ये नेली. कुणी म्हणाले टायर, म्हणून चारही टायर नवे घातले. थरथर कायम. मग कुणी म्हणाले क्लच, म्हणून क्लच प्लेट बदलली. थरथर कायम. त्यानंतर सगळ्यांचे एकमत झाले की ड्रायव्हरच गाडी आदळआपट करत चालवतो, क्लचवर पाय ठेवून चालवतो. क्लच प्लेटचे पैसे त्याच्या पगारातून दोन हप्त्यांत कापायचे ठरले.

हा ड्रायव्हर माझा जुना विद्यार्थी. (नावे लिहीत नाही, मला गावात राहायचे आहे!) त्याने घरी येऊन मला एवढेच सांगितले, "गुरुजी, पुढच्या महिन्यापासून गाडी सोडतोय." कारण विचारले तर मान खाली. वर्गातही तो असाच असायचा. त्याची मान खाली गेली की याला उत्तर येत नाही असे समजून मी पुढच्या मुलाला उभे करायचो.

एस.टी.त मेकॅनिक म्हणून हयात घालवून निवृत्त झालेले माझे एक समवयस्क स्नेही आहेत. त्यांना मी गळ घातली. ते आले, गाडीभोवती फेरी मारली. पुतण्या उत्साहाने काय काय बदलले ते सांगायला लागला, तर त्यांनी हात वर करून त्याला थांबवले. "काय बदललं ते नंतर. आधी ह्याला बोलू दे," म्हणत त्यांनी ड्रायव्हरकडे बोट केले. मग चारच प्रश्न विचारले. कधी होते? कुठे जाणवते? कसे होते? आणि कशानंतर सुरू झाले?

पहिला प्रश्न, कधी. "रिकामी असली की थरथरती गुरुजी, भरली की गप बसती," ड्रायव्हर माझ्याकडे बघत म्हणाला. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. टायर किंवा क्लचचा दोष असता तर भरलेल्या गाडीत तो असा गप्प बसला नसता, असे त्यांचे म्हणणे.

मग आम्ही भल्या पहाटे रिकामी गाडी घेऊन निघालो. आधी उभ्या गाडीत न्यूट्रलवर इंजिन वाढवून पाहिले. थरथर नाही. म्हणजे इंजिन आणि त्याचे फाउंडेशन सुटले. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर साठचा वेग धरून एकदा चौथ्या गिअरमध्ये आणि एकदा पाचव्यात चालवली. इंजिनाचे फेरे बदलले, पण थरथर तेवढीच. शेवटी त्याच वेगात क्षणभर न्यूट्रल केली, तरीही थरथर होतीच. (हा प्रयोग उतारावर किंवा घाटात मुळीच करू नये, आणि चावी तर बंद करूच नये.) म्हणजे दोष इंजिनाच्या फिरण्याशी नाही, गाडीच्या वेगाशी बांधलेला. क्लच आपोआप निर्दोष ठरला. या तपासणीला अर्धा तास लागला आणि थोडे डिझेल.

दुसरा प्रश्न, कुठे. स्टिअरिंग हातात स्थिर होते. थरथर होती ती बैठकीखाली आणि पायाखालच्या पत्र्यात.

तिसरा प्रश्न, कसे. इथे माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. स्नेह्यांनी विचारले, "थडथड का झणझण?" ड्रायव्हर लगेच म्हणाला, "झणझण. मोहोळ उठल्यावानी." या दोन शब्दांत केवढा फरक आहे तो मी घरी येऊन गणिताने पडताळून पाहिला. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. टायरला खडूची खूण करून एक फेरा मोजला, तो सुमारे २.२ मीटर भरला. म्हणजे चाक मिनिटाला साधारण ४५० फेरे घेते, सेकंदाला सात-आठ. चाकाचे बॅलन्स बिघडले तर सेकंदाला सात-आठ धक्के, ते झाले थडथड. पण गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जो लांब शाफ्ट फिरतो, तो चाकाच्या एका फेऱ्याला साधारण चार फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला तीसेक. त्याच्या सांध्यात दोष असेल तर एका फेऱ्यात दोन हिसके, म्हणजे साठ. ते मोजता येत नाहीत, नुसते झणझणतात. ज्या माणसाला 'झणझण' हा शब्द ठाऊक होता त्याला कुणी विचारले असते, तर चार टायरचे पैसे वाचले असते!

स्नेह्यांनी मला आणखी शब्द दिले. गिअर टाकताना 'टक' झाले तर शाफ्टच्या क्रॉसमध्ये खेळ आलेला असू शकतो. हळू चालताना चिमणीसारखे 'चिव चिव' झाले तर क्रॉस कोरडा. 'घुर्र' आवाज वळणावर एका बाजूला वाढला आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला तर चाकाचे बेअरिंग. अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलणारी 'हूंऽऽ' अशी लांब तान आली तर डिफरन्शियल. क्लचचे पेडल दाबताच 'किर्र' सुरू झाले तर क्लचचे बेअरिंग. हे अखेरचे निकाल नव्हेत, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळते. अशा शब्दांना आपण व्याकरणात ध्वन्यनुकारी शब्द म्हणून दोन गुणांचा प्रश्न करून ठेवले आहे. गॅरेजमध्ये ते मोजमापाचे साधन आहे.

चौथा प्रश्न, कशानंतर. ड्रायव्हर गप्प. मान खाली. पूर्वीसारखा मी पुढच्या मुलाकडे वळणार होतो, पण स्नेही थांबले. बराच वेळ थांबले. मग तो हळूच म्हणाला, "पाटा वाढवल्यावर."

पुतण्या गोरामोरा झाला. कांद्याच्या हंगामाआधी जास्त माल बसावा म्हणून त्यानेच मागे एकेक जादा पाटा घालून घेतला होता. पाटा वाढला की रिकाम्या गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि शाफ्ट जास्त तिरपा होतो. कोनात वाकलेल्या सांध्यातून फिरताना गती एकसारखी राहत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होते. म्हणून शाफ्टला दोन टोकांना दोन सांधे ठेवतात आणि दोन्हीकडचे कोन सारखे असले की एकाची चूक दुसरा खोडून काढतो. नवा पाटा नीट बसला नाही आणि डिफरन्शियलचे तोंड थोडे जरी कलले, तरी हा मेळ बिघडतो. माल भरला की मागचा भाग खाली बसतो, कोन कमी होतो, गाडी गप्प! गंमत म्हणजे पाट्याच्या ताणाचा नियम आणि हा सांधा, दोन्हींना १७व्या शतकातल्या रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव आहे. आमच्या पिकअपमध्ये दोघांचे भांडण लागले होते.

चाकांना दगड लावून, गाडी भक्कम घोड्यांवर ठेवून (नुसत्या जॅकवर कधीच नाही) शाफ्ट हाताने हलवला. मागच्या क्रॉसच्या टोपीभोवती कुंकवासारखी लाल भुकटी होती. आतले ग्रीस संपून सुयांसारखे रोलर गंजल्याची ती खूण. आमच्या बोरीत कुकडीच्या काठी ज्वालामुखीची राख आहे. १९८०च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला, आणि तिचे नाते पार सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीशी जोडले गेले. चिमूटभर भुकटी एवढे बोलू शकते, फक्त विचारणारा हवा.

जादा पाटे काढले. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही बाजूंना रंगाची खूण केली, कारण तो फिरवून चुकीच्या दातावर बसवला तर नवीनच थरथर सुरू होते. क्रॉस बदलला, यू-बोल्ट आवळले आणि काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा आवळून घेतले. क्रॉसचा खर्च टायरच्या मानाने किरकोळ. तो तसाच राहिला असता आणि माळशेजच्या उतारावर शाफ्ट निखळला असता, तर आत कोण बसलेले असते? ज्याच्या पगारातून पैसे कापले जात होते तो.

आता माझे मत सांगतो. गॅरेजवाल्याला चोर म्हणायची आपल्याला घाई असते. पण आपण त्याच्याकडे गाडी टाकून "संध्याकाळपर्यंत पाहिजे" म्हणून निघून येतो. पार्टचे पैसे बिनतक्रार देतो, आणि कुणी अर्धा तास शेजारी बसून गाडी चालवून पाहिली, तर त्या अर्ध्या तासाचे पैसे मागताच "केलं काय तुम्ही?" म्हणतो. मग तो पार्टच बदलणार. निदान हे काम आहे आणि त्याचे पैसे दिले पाहिजेत. आणि दिवसाचे दहा तास जो त्या गाडीत बसतो, तो पहिला साक्षीदार. आपण त्याला थेट आरोपी करतो. जादा मालाबद्दल तर काय बोलावे! २०१९च्या दुरुस्तीपासून त्याला २०,००० रुपये दंड आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये आहेत. तरीही पाटे वाढतच असतात.

ड्रायव्हरने नोकरी सोडली नाही. कापलेले पैसे पुतण्याने त्याला परत दिले, पण 'चुकलो' असे काही म्हणाला नाही. मालक लोक क्वचितच म्हणतात. गुरुजी लोकही. मी मात्र त्या पहाटे गाडीतून उतरताना त्याला म्हणालो, "वर्गात तुला थोडा वेळ द्यायला हवा होता रे." तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, तवा मला खरंच येत नव्हतं."

असो. तुमची गाडी कुरकुरायला लागली तर टायरवाल्याकडे जाण्याआधी हे चार प्रश्न कागदावर लिहा, आणि जो ती चालवतो त्याला विचारा. विचारल्यावर जरा थांबा.