लहरींची शेजपाळी

कालव्याच्या पाण्यावर ज्याची शेती आहे, त्यास पाळी या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. हंगामाच्या आरंभी नमुना नंबर ७ चा अर्ज पाटबंधारे खात्याच्या कचेरीत द्यावयाचा, पाणी सुटले की चारीवर रात्र जागून काढावयाची, आणि शेजपाळीच्या शिरस्त्याप्रमाणे शेपटाकडील शेताचे भरणे झाल्यावरच मुखाकडील शेताने आपले दार उघडावयाचे, असा हा बंदोबस्त. तो सदैव पाळला जातो असे कोणी शपथेवर सांगणार नाही. परंतु तो मोडला म्हणजे मोडल्याचे साऱ्या गावास कळते. आपल्या खिशातील मोबाइल फोनही दिवसातून असंख्य वेळा असाच अर्ज करीत असतो, आपल्याजवळ किती माल पाठवावयाचा शिल्लक आहे हे मनोऱ्यास कळवीत असतो आणि पाळीची वाट पाहत असतो. ती पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागात ठरते, आणि कोणत्या न्यायाने ठरली हे मात्र गावास कधीच कळत नाही.

निव्वळ संभाषणाच्या काळात हा प्रश्न इतका बिकट नव्हता. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणितज्ञ आग्नेर एर्लांग यांनी १९१७ साली जे सूत्र प्रसिद्ध केले, त्यावरून अमुक इतक्या बोलण्यासाठी किती तारा पुरतील याचा अंदाज बांधता येई. आणि एकदा तार मिळाली म्हणजे संभाषण संपेपर्यंत ती त्याचीच, हा व्यवहार सर्वमान्य होता. परंतु विदेचा स्वभाव ओढ्यासारखा आहे. मनुष्य एखादे पान उघडतो तेव्हा क्षणभर पूर येतो, आणि तो ते वाचीत बसला की पात्र कोरडे पडते. अशा ग्राहकासाठी सबंध वाहिनी राखून ठेवणे म्हणजे एका वाफ्यासाठी अख्खी चारी अडवून धरणे होय. म्हणून वाहिनी सामाईक ठेवावी आणि ज्यास ज्या क्षणी गरज असेल त्यास त्या क्षणी द्यावी, हे तत्त्व पुढे आले.

त्याचा पहिला प्रयोग हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी १९७१ साली चालू केला. ज्यास पाठवावयाचे त्याने खुशाल पाठवावे, दोघांची टक्कर झाली तर प्रत्येकाने यदृच्छेने थोडे थांबून पुन्हा पाठवावे, इतकाच नियम. गणिताने असे दाखविले की या मुक्त व्यवहारात वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के भागच कारणी लागतो, आणि वेळेचे ठरीव कप्पे पाडले तर तो ३७ टक्क्यांच्या आसपास जातो. आजही आपला फोन मनोऱ्याचे दार प्रथम ठोठावतो तेव्हा याच पद्धतीच्या एका वंशजाचा आश्रय घेतो. आणि यात्रेच्या गर्दीत पडद्यावर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसत असूनही काहीच हलत नाही, त्याचे एक कारण हेच, की दांड्या संकेताचे बळ सांगतात, दारापुढील रांग सांगत नाहीत.

दाराच्या आत मात्र कारभार शिस्तीचा आहे, आणि माझी तक्रार त्या शिस्तीविषयीच आहे. दोन फोन कल्पावेत: एक मनोऱ्याच्या पायथ्याशी, ज्यास सेकंदाला २० मेगाबिट देता येतात, आणि दुसरा हद्दीवरच्या वस्तीत, ज्यास जेमतेम २. एकूण उत्पन्नच वाढवावयाचे तर पहिल्यास सर्व द्यावे आणि दुसऱ्यास शून्य. दोघांस समान माल द्यावयाचा तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे १.८ येतात, आणि बहुतेक सारा वेळ दूरच्याच्या सेवेत जातो. या दोन टोकांमधील तोडगा सुमारे २००० साली क्वालकॉम कंपनीच्या विदाप्रणालीसाठी निघाला. ज्याची या क्षणाची स्थिती त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या मानाने उत्तम असेल त्यास पाळी द्यावी, असा तो प्रमाणबद्ध न्याय. त्याने बहुतांशी प्रत्येकास वेळ समान मिळतो, माल मात्र आपापल्या जागेप्रमाणे. आपल्या उदाहरणात सुमारे १० आणि १.

हा तोडगा मला बुद्धिमान वाटतो, अन्याय्य वाटत नाही. परंतु शेजपाळीने शेपटास अग्रहक्क दिला होता, येथे शेपटास केवळ घड्याळ दिले आहे. आणि हाही न्याय कोणत्याही सनदेत लिहिलेला नाही. फोन आणि मनोरा यांनी परस्परांशी कोणत्या भाषेत बोलावे याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण अत्यंत तपशीलवार आहे. पाळी कोणास द्यावी हे मात्र ते जाणूनबुजून यंत्र बनविणाऱ्यावर सोपविते. त्यावर कंपनीस वजनाचे आकडे चढविता येतात, आणि ज्याने जादा दाम दिला त्याचे पारडे जड करणे हे एका आकड्याचे काम आहे.

१९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला, आणि त्याच वर्षीच्या जुलैअखेर देशातील पहिले मोबाइल संभाषण झाले. ज्या मालमत्तेचा लिलाव सरकार जनतेच्या वतीने करते, तिच्या वाटपाचा नियम व्यापारी गुपित कसा असू शकतो? २०१६ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आशय पाहून विदेचा निरनिराळा दर लावण्यास मनाई केली, हे उचितच झाले. तथापि तो हुकूम दरासंबंधी आहे, पाळीसंबंधी नाही.

कोणी म्हणेल, क्षणोक्षणी बदलणारा हिशेब लोकांस दाखवून काय उपयोग? हिशेब कोणी मागत नाही; नियम मागतो आहोत, आणि त्याचे फळ. ते मोजण्याचे माप तयार आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने पाचव्या पिढीसाठी २०१७ साली ज्या किमान अपेक्षा नोंदविल्या, त्यांत सरासरीच्या जोडीस तळाच्या पाच टक्क्यांच्या सीमेवरील ग्राहकाची स्वतंत्र कसोटी आहे. जाहिरातीत सरासरी वेग मोठ्या अक्षरांत छापणाऱ्या प्रत्येक कंपनीस, गर्दीच्या वेळी शंभरातील पंच्याण्णवांस ज्याहून अधिक मिळते तो वेग तालुकावार छापण्याची सक्ती करावी, आणि ग्राहकाच्या दराप्रमाणे पाळीचे वजन बदलत असेल तर तेही त्याच कागदावर, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावयास लावावे.