एक छत्री, तीन पडदे

एकत्र कुटुंबांत वस्तु वाटून वापरण्याची आपणांस संवय आहे. परंतु कांहीं वस्तु वाटतांना त्यांची रीति ठाऊक नसेल, तर वस्तूबरोबर मनेंही दुभंगतात. गेल्या पावसाळ्यांत दारव्हा येथें एका स्नेह्यांकडे चार दिवस राहिलों असतां आम्हांस हा अनुभव आला.

तीन बंधूंचें कुटुंब; चूल एक, देवघर एक, परंतु दूरदर्शन-संच तीन. गच्चीवर छत्री मात्र एकच. वृद्ध मातोश्री पहांटे पांचला उठून आपल्या खोलींत भजन लावूं पाहत, तों पडदा काळा! सात वाजले म्हणजे तो आपोआप उजळे. आवाजानें झोंपमोड होते म्हणून मुलांनींच युक्तीनें संच बंद ठेवला आहे, अशी त्या माउलीची समजूत झाली होती. कित्येक महिने त्यांनीं ती मुलांपाशीं बोलून दाखविली नाहीं, आमच्यापाशीं दाखविली.

शोध घेतां दोष माणसांचा नसून जोडणीचा निघाला. छत्रीच्या मुखाशीं एलएनबी नांवाचा जो लहानसा भाग असतो, त्याला लागणारी वीज घरांतील सेट टॉप बॉक्सच केबलमधून वर पाठवितो. येथें एकाच केबलला स्वस्तांतला स्प्लिटर लावून तीन फांटे काढले होते, आणि त्याच्या एकाच तोंडांतून वीज वर जात होती. तें तोंड थोरल्या चिरंजीवांच्या बॉक्सला जोडलेलें. आणि ते काटकसरी गृहस्थ रात्रीं निजतांना भिंतीवरील बटण बंद करीत. म्हणजे आईचें भजन थोरल्यांच्या जागें होण्यावर अवलंबून!

वीज पोंचली तरी दुसरी अडचण उरतेच. उपग्रहाच्या लहरी उभ्या व आडव्या अशा दोन प्रकारच्या असूं शकतात. बॉक्सनें १३ व्होल्ट दिले म्हणजे एलएनबी उभ्या लहरी घेतो, १८ दिले म्हणजे आडव्या. एकाच केबलवरून दोन बॉक्स निरनिराळ्या आज्ञा देऊं लागले, तर एकाचें चित्र जाणारच.

उपाय सोपा आहे. छत्री तीच ठेवून दोन संचांसाठीं दोन तोंडांचा, तीन-चार संचांसाठीं चार तोंडांचा एलएनबी बसवावा, व प्रत्येक बॉक्सपर्यंत मध्यें जोड नसलेली स्वतंत्र केबल न्यावी. जोडणी करतांना सर्व बॉक्स बंद असावेत. दूरदर्शननें २००४ सालीं सुरू केलेल्या मोफत सेवेस मासिक शुल्क नाहीं. शुल्काच्या सेवेंत मात्र प्रत्येक बॉक्सची नोंद निराळी करावी लागते. ही मोफत सेवा ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्यामुळें यवतमाळकडील छत्रीची दृष्टि आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें ६० अंश वर असावी लागते. त्या बाजूस झाडाची फांदी आड येऊं देऊं नये. छत्रीची लोखंडी चौकट अर्थिंगला जोडावी, आणि वादळाचीं चिन्हें दिसतांच, विजा कडाडण्यापूर्वींच, बॉक्सची केबल सोडवून ठेवावी.

आमच्या स्नेह्यांनीं चार तोंडांचा एलएनबी आणविला. दुसऱ्या दिवशीं पहांटे पांचला मातोश्रींच्या खोलींतून टाळमृदंगाचा आवाज आला. थोरल्यांस खरें कारण आम्हीं सांगितलेंच होतें. ते उठून आईजवळ जाऊन बसले.

असो. केबल प्रत्येकास स्वतंत्र द्यावी. आणि घरांतील वडील माणूस गप्प झालेलें दिसल्यास, कारण आपण होऊन विचारावें.