येवल्याचा प्रश्न आणि आपली बंदगी

आमच्या कार्यालयात दुपारच्या डब्याच्या वेळी फार गंभीर चर्चा होत नाही. क्लायंटची कुरकुर, गंगापूर रोडची वाहतूक, कांद्याचा भाव, एवढेच विषय. गेल्या महिन्यात मात्र एका नावावरून गाडी घसरली. आमच्या गटात नवीन आलेल्या मुलाचे नाव अब्दुर्रहमान. एका सहकाऱ्याने सहज विचारले, ‘याचा अर्थ काय रे?’ मी म्हणालो, ‘अब्द म्हणजे बंदा, दास, गुलाम. रहमान म्हणजे अत्यंत कृपाळू. त्या कृपाळूचा दास.’

विचारणारा मूळचा येवल्याचा. त्याने डब्याचे झाकण लावले आणि म्हणाला, ‘माझे पणजोबा १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांच्या सभेत होते, असं आमच्या घरात सांगतात. आमच्याकडे गुलाम हा शब्द शिवी आहे. तुम्ही तो मुलाच्या नावात घालता, आणि वर अभिमान बाळगता. हे मला कळत नाही.’

मी काहीतरी उत्तर दिले, पण ते पाठ केलेले होते आणि ते त्याच्याही लक्षात आले. या अंकाचे संपादकीय त्याच प्रश्नावर आहे. हा प्रश्न त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त लागू पडतो, असे मला वाटते.

नाशिकमध्ये राहून हा प्रश्न टाळता येत नाही. पंचवटीतल्या काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तो चिकाटीने चालवला. माणसे मागत काय होती, तर देवासमोर उभे राहण्याची मुभा. दरवाजा बंद राहिला, दगड पडले, लोक तुरुंगात गेले. शेवटी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्माला आलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्या जागेला आज मुक्तिभूमी म्हणतात. मुक्ती हा शब्द आपण प्रवचनात मरणानंतरच्या संदर्भात वापरतो. येवल्यात तो जमिनीवरच्या माणसाच्या संदर्भात वापरला गेला.

आता अब्द. इस्लाममध्ये माणसाला मिळणारी सर्वात मोठी पदवी हीच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मेराजच्या रात्रीचा उल्लेख कुरआन करतो (१७:१), तेव्हा त्यांना प्रेषित म्हणत नाही, आपला दास म्हणतो. नमाजच्या बैठकीत आपण तशह्हुद वाचतो, त्यात आधी ‘अब्दुहू’ येते आणि मग ‘रसूलुहू’, म्हणजे आधी अल्लाहचा दास, नंतर प्रेषित. नुसत्या फर्ज नमाजांचा हिशेब केला तरी दिवसाला नऊ वेळा आपण हे म्हणतो: फजरला एकदा, बाकीच्या चार नमाजांत दोन-दोनदा. इतक्या वेळा सांगायला लावण्याचे कारण उघड आहे. माणसाला देव करून ठेवण्याची आपली खोड जुनी आहे. ईसा (अ.स.) यांच्याबद्दलही कुरआन हेच सांगतो, की त्यांना अल्लाहचा दास असण्यात कधी कमीपणा वाटणार नाही (४:१७२). शेवटच्या दिवशी आकाशातले आणि पृथ्वीवरचे सगळेच दास म्हणून हजर होतील (१९:९३). त्यात राजाही आला, पीरही आला, नगरसेवकही आला.

म्हणजे दास्य एकाचेच, आणि म्हणून दुसऱ्या कोणाचेही नाही. सगळे एकाच दारातले दास असतील तर एका दासाने दुसऱ्याचा मालक कसे व्हायचे? ह. बिलाल (रजि.) यांच्या छातीवर तापलेल्या वाळूत दगड ठेवला जात होता, तो याच हिशेबावरून. त्यांचा मालक उमय्या याला ‘एक, एक’ या शब्दाचा राग यायचा, कारण त्या एकात त्याची स्वतःची मालकी बसत नव्हती.

हे सगळे खरे आहे, आणि हेच मी डब्याच्या वेळी सांगितले होते. पण तेवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे आहे.

कुरआनने गुलाम मुक्त करणे ही घाटाची चढण म्हटली (९०:११-१३). चुकून झालेली हत्या, मोडलेली शपथ, अशा गोष्टींचे प्रायश्चित्त गुलाम सोडवण्यात ठेवले. जकातीच्या खर्चात त्याचा वाटा राखला (९:६०). दिशा स्पष्ट होती, पण त्या दिशेने शेवटपर्यंत चालायला मुस्लिम समाजाने तेराशे वर्षे लावली. सौदी अरेबियाने गुलामगिरी कायद्याने बंद केली १९६२ मध्ये, मॉरिटानियाने १९८१ मध्ये. आपण व्याख्यानांत मलिक अंबरचे नाव मोठ्या अभिमानाने घेतो. इथिओपियातला विकला गेलेला पोरगा निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी वसवली, मोगलांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षे झुंजवले. ते खरेच आहे. पण त्याला बाजारात उभे करून विकणारे आणि विकत घेणारे कोण होते, हा पुढचा प्रश्न आपण विचारत नाही. त्यातले बरेचसे रोज पाच वेळा कलमा म्हणणारेच होते.

आणि गुलामगिरी गेली तरी उतरंड उरली. बाबासाहेबांनी १९४० साली पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात १९०१ च्या बंगालच्या जनगणनेचा आधार घेऊन मुस्लिमांमधल्या अश्रफ-अजलाफ भेदाबद्दल लिहिले. आपल्याकडे त्या पानांचा उल्लेख झाला की लोक अस्वस्थ होतात. अस्वस्थ होण्याऐवजी आपल्या शहरातली लग्नाची स्थळे पाहावीत. सफेत खांद्याला खांदा लावून उभा राहणारा सय्यद आपल्या मुलीसाठी पिंजारी, फकीर किंवा मेहतर घरातला मुलगा पाहतो का? मशिदीत दार बंद नाही हे आपले मोठे भाग्य आहे. पण मशिदीच्या पायऱ्या उतरल्यावर घरांची दारे बंदच असतात.

प्रेषितांविषयीच्या श्रद्धेचा विषयही इथेच येतो. कुरआन सांगतो की असा एकही समाज नाही ज्यात सावध करणारा आला नाही (३५:२४). प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्याच भाषेत बोलला (१४:४). काहींची नावे सांगितली, काहींची सांगितली नाहीत (४०:७८). नावे आलेली आहेत पंचवीस. यावरून भारतातल्या अमुक महापुरुषाला प्रेषित ठरवण्याचा उद्योग काही जण करतात. ज्याचे नाव अल्लाहने सांगितले नाही ते आपण ठामपणे सांगू नये आणि ठामपणे नाकारूही नये, एवढी शिस्त पुरे.

मला प्रेषितत्वाच्या संदर्भात सर्वात जास्त विचार करायला लावतो तो सूरह अबसचा प्रसंग. प्रेषित (स.) मक्केच्या सरदारांशी बोलत होते. हे लोक ऐकतील तर सगळे शहर ऐकेल, अशी आशा होती. तेवढ्यात अंध असलेले अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) काही विचारायला आले. प्रेषितांच्या कपाळाला आठी पडली, त्यांनी तोंड फिरवले. आंधळ्या माणसाला ती आठी दिसलीही नसणार. तरी त्यावर वही उतरली आणि कानउघाडणी झाली. ज्याला पर्वा नाही त्याच्याकडे लक्ष देता, आणि जो धावत आला त्याच्याकडे दुर्लक्ष करता? हे शब्द प्रेषितांनी लपवले नाहीत. आज जगभर मुले ते पाठ करतात. माझ्या दृष्टीने हा दास असण्याचाच पुरावा आहे. जो स्वतःला मालक समजतो तो आपल्याविरुद्धची नोंद पुसून टाकतो.

आता आपली गोष्ट. दोन महिन्यांपूर्वी जुन्या नाशकात आपण शिधापत्रिकांविषयी एक बैठक घेतली. मी संयोजकांपैकी एक होतो, म्हणून नाव दुसऱ्या कोणाचे घ्यायचे कारण नाही. एक लोकप्रतिनिधी तासभर उशिरा आले. शाल, गुच्छ, फोटो झाले. या गडबडीत धुणीभांडी करणारी एक खाला दाराशी उभी होती. कामाने तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, म्हणून धान्य अडले होते. बैठक नेमकी तिच्यासाठीच होती. तिला बसायला खुर्ची मिळाली नाही, बोलायला वेळ मिळाला नाही, आणि मी तिला ‘खाला, जरा बाजूला व्हा, फोटो चाललाय’ असे म्हणालो. तेव्हा काहीच वाटले नाही. त्या रात्री इशाच्या नमाजमध्ये ‘अब्दुहू’पाशी मी अडखळलो.

येवल्याच्या मित्राचा दुसरा प्रश्न चार दिवसांनी आला, पार्किंगमध्ये. ‘खरं सांग, तुमच्या हिशेबाने माझे पणजोबा आता कुठे आहेत?’

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही मला देता आली नाहीत. ‘सगळे धर्म सारखेच, सगळे स्वर्गात’ म्हणणे म्हणजे मित्राला बरे वाटावे म्हणून आपली श्रद्धा बाजूला ठेवणे. अंतिम प्रेषितांचा संदेश ज्याच्यापर्यंत पोचला त्याने तो मान्य करावा, हे आपण मानतो, ते लपवायचे कारण नाही. पण बोट दाखवून ‘तुझे पणजोबा अमुक ठिकाणी’ म्हणणे हा त्याहून मोठा उद्धटपणा आहे, कारण ते पद अल्लाहचे आहे, दासाचे नाही.

नेमका हाच प्रश्न फिरऔनने मूसा (अ.स.) यांना विचारला होता: मग आमच्या आधीच्या पिढ्यांचे काय? मूसांनी यादी काढली नाही. त्यांचे ज्ञान माझ्या पालनकर्त्याकडे नोंदीत आहे, तो चुकत नाही आणि विसरत नाही, एवढेच सांगितले (२०:५१-५२). आमच्या धंद्यातला माणूस हे लवकर समजू शकतो. ज्या नोंदी पाहायची परवानगीच आपल्याला नाही, त्यावरून निकाल देणारा अभियंता नोकरीत टिकत नाही.

शिवाय संदेश पोचला म्हणजे काय? प्रेषित पाठवल्याशिवाय शिक्षा नाही, असे कुरआन म्हणतो (१७:१५). इमाम गजाली यांनी नऊशे वर्षांपूर्वी ‘फैसलुत्तफरिका’मध्ये लिहून ठेवले की, ज्यांच्या कानावर इस्लामचे नाव फक्त विपर्यस्त रूपात आले, त्यांच्यावर ठपका नाही. आता १९३५ चा येवला डोळ्यांसमोर आणा. माणूस माणसापासून मुक्ती शोधत दारोदार फिरत होता. त्याच्या शेजारच्या मोहल्ल्यात त्याला काय दिसले? समतेचा कलमा दिसला की बिरादऱ्यांच्या भिंती? त्या पणजोबांचा हिशेब मला ठाऊक नाही. आपल्या पणजोबांना मात्र त्याबद्दल विचारले जाणार, हे नक्की. आणि उद्या आपल्यालाही.

मुक्तीबद्दल आपल्याकडे आणखी एक गैरसमज आहे, की मुस्लिम घरात जन्मलो म्हणजे काम झाले. बुखारी आणि मुस्लिममधल्या हदीसप्रमाणे प्रेषितांनी स्पष्ट सांगितले की, कोणाचेही कर्म त्याला जन्नतमध्ये नेणार नाही. सहाबांनी विचारले, तुम्हालाही नाही? तर म्हणाले, मलाही नाही, अल्लाहने कृपेने झाकले तरच. जिथे प्रेषितांनी हमी घेतली नाही, तिथे आपण जन्मदाखल्यावर हमी घेतो. अजानमध्ये ज्या यशाकडे बोलावले जाते त्याला अरबीत ‘फलाह’ म्हणतात. त्याच धातूपासून ‘फल्लाह’ आला आहे, म्हणजे शेतकरी, जमीन उकरणारा. पिंपळगाव-निफाडच्या माणसाला वेगळे समजवायला नको. कष्ट त्याचे, पाऊस त्याच्या हातात नाही, आणि सातबारा नावावर आहे म्हणून पीक येत नाही.

मित्राला मी मूसांचे उत्तर सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘हे चालेल. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे.’ येत्या १३ ऑक्टोबरला तो मला मुक्तिभूमीवर घेऊन जाणार आहे.

दरम्यान, वाचकांना एक विनंती. ज्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नाही अशा शिधापत्रिकाधारकांची यादी आपण कथडा, भद्रकाली आणि वडाळा भागांत घरोघर जाऊन करत आहोत. मुस्लिम-बिगरमुस्लिम असा रकाना त्यात नाही. त्या खालांचे नाव पहिले लिहिले आहे आणि त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. पुढची बैठक रविवारी जोहरनंतर आहे. शाल आणि गुच्छ नाही, आणि पाहुणे कोणी आलेच तर त्यांनी मागच्या खुर्च्यांवर बसायचे आहे.